टर्पीन सात टक्के, पण आणलं कुठून?

"मामा, दोन्ही डब्यांवर टर्पीन 7 टक्के लिहिलंय. मग एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला कसा?"

टोरोंटोतल्या भाच्याचा मेसेज, सोबत दोन लेबलांचे फोटो. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. त्याचे अर्क तिथे दुकानातून पावती घेऊन मिळतात. मी सांगलीत मसाल्यांच्या तेलांची तपासणी करतो. गांजाशी माझा धंद्याने काही संबंध नाही, पण टर्पिनांशी रोजचा आहे. हळद, मिरी, लवंग, धने, वेलदोडा, ज्याला ज्याला वास आहे त्यात ती भेटतातच. म्हणून उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, सगळ्यांनीच वाचावं. आपल्याकडेही ऑनलाइन दुकानांत हेम्प (गांजाच्याच जातीचं, नशा जवळपास नसलेलं झाड), सीबीडी (गांजातलाच, पण झिंग न आणणारा पदार्थ), टर्पीन हे शब्द आता सर्रास दिसतात आणि लेबल वाचणाऱ्याचा गोंधळ तोच होतो.

एका डब्यावर "लाइव्ह रेझिन" होतं, दुसऱ्यावर "डिस्टिलेट, बोटॅनिकल टर्पीनसह". म्हणजे पहिल्यातली टर्पिनं त्याच झाडाची, दुसऱ्यातली बाहेरून आणून घातलेली. किमतीतला फरक बहुतेक एवढ्यातच आला. मालाच्या दर्जाचा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.

आधी टर्पीन म्हणजे काय

पाच कार्बनचा आयसोप्रीन नावाचा एक तुकडा धरा. वनस्पती असे तुकडे जोडत जातात. दोन जोडले की दहा कार्बनचं मोनोटर्पीन: संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, चीडच्या झाडातलं पायनीन, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स नावाच्या फुलांमधलं मिर्सीन. तीन जोडले की पंधरा कार्बनचं सेस्क्विटर्पीन: मिरी-लवंगेतलं कॅरिओफायलीन, त्याचाच भाऊबंद ह्युम्युलीन. त्यात ऑक्सिजन शिरला की त्याला टर्पिनॉइड म्हणतात. धन्यातलं लिनालूल त्या घरचं. ओटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा गुंता पहिल्यांदा नीट उलगडला आणि 1910 चं नोबेल मिळवलं. व्यवहारात, लेबलवाल्यांसकट, टर्पीन आणि टर्पिनॉइड एकाच नावाने चालतात. इथेही तसंच करतो.

दहा कार्बनवाली हलकी असतात, चटकन उडतात. पंधरावाली रेंगाळतात. पुढचं निम्मं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताज्या गांजाच्या फुलांतलं तेल मोजलं, मग फुलं साध्या खोलीत वाळवून ठेवली. तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त तेल गेलेलं होतं आणि गेलेल्यात मोनोटर्पिनांचा वाटा मोठा होता. झाडावरच्या फुलाचा वास आणि वाळलेल्या फुलाचा वास सारखा नसतो, त्याचं कारण हे.

गांजाच्या मादी फुलांवर बारीक लव असते, त्यातल्या पुष्कळ लवांच्या टोकाला गोल ग्रंथी. नशा आणणारं टीएचसी आणि सीबीडी तिथे तयार होतात, टर्पिनंही तिथेच. दोघांच्या कच्च्या मालातला एक पदार्थ सामाईक आहे, जेरॅनिल पायरोफॉस्फेट. सगळं एकाच चिकट राळेत कालवलेलं असतं. वाळलेल्या फुलात टर्पिनं साधारण 1 ते 3 टक्के भरतात. अर्क काढणं म्हणजे या राळेतून हवं ते उचलणं. आणि उचलताना काहीतरी सांडतंच.

हळकुंडावरून बघू

सांगलीच्या माणसाला हे हळकुंडावरून सगळ्यात लवकर कळेल. हळदीचा वास वेगळ्या पदार्थांचा, रंग वेगळ्या पदार्थाचा. वास मुख्यतः टर्मरोन नावाच्या मंडळींचा, ती सेस्क्विटर्पिनांच्या घराण्यातली. रंग कर्क्युमिनचा. हळद दळून वाफेवर लावली तर नुसतं तेल हाती येतं, वास भरपूर, रंग फिकट. द्रावकात भिजवून काढली तर ओलिओरेझिन मिळतं: रंग, वास, राळ, सगळं एकत्र, चिकट आणि गडद. त्यातून कर्क्युमिनचे स्फटिक वेगळे काढले तर नारिंगी-पिवळी पूड मिळते, शुद्धता 95 टक्क्यांपर्यंत. ती नाकाशी धरा, हळद आहे असं वाटणारही नाही.

आता कर्क्युमिनच्या जागी टीएचसी ठेवा. ते जवळपास वेगळं काढलेलं, 80-90 टक्के शुद्धतेचं, घट्ट आणि वास हरवलेलं म्हणजे डिस्टिलेट. त्याला वास-चव परत आणायची तर टर्पिनं बाहेरून घालावी लागतात. ओलिओरेझिनच्या जागी लाइव्ह रेझिन ठेवा, सगळं एकत्र असलेलं. आणि वाफेवरच्या हळदतेलाच्या जागी गांजाचं टर्पीन तेल. भाच्याच्या पहिल्या डब्यात लाइव्ह रेझिन आहे, दुसऱ्यात डिस्टिलेट आणि बाहेरून घातलेली टर्पिनं.

वाफेवर काढलेलं

प्रयोगशाळेत आम्ही क्लेव्हेंजर नावाच्या काचेच्या उपकरणात तेल काढतो. गोल बुडाच्या चंबूत 100 ग्रॅम हळदपूड, वर पाणी, खाली हीटिंग मँटल. सुरुवातीला हळद फेसाळते. तेव्हा आच कमी ठेवून उभं राहायचं, नाहीतर पूड उसळून थेट नळीत येते आणि सगळं धुऊन पुन्हा मांडावं लागतं. नीट उकळी लागली की वाफ तेलाला घेऊन वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होते आणि खुणा असलेल्या नळीत उतरते. पाणी खाली, त्यावर पिवळसर तेलाचा थर. आधी भराभर चढतो, मग थेंबाथेंबाने. पाच-सहा तासांनी तीन ते पाच मिली. लवंग लावली तर उलटं होतं: तिचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं आणि त्याला वेगळ्या बनावटीची नळी लागते.

इथे एक शंका हमखास येते. पायनीन उकळतं 155 अंशांच्या आसपास, लिमोनीन 176 ला, मग ती 100 अंशांच्या वाफेबरोबर कशी येतात? तेल आणि पाणी मिसळत नाहीत, म्हणून दोघांचा बाष्पदाब एकमेकांत मिळवला जातो. ती बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की उकळी फुटते, आणि ती 100 च्या थोडी आधीच होते. त्यामुळे जड सेस्क्विटर्पिनंही, वेळ दिला तर, हळूहळू वर येतात.

गांजाचं टर्पीन तेलही या पद्धतीने निघतं. टीएचसीचा रेणू इतका जड की तो वाफेबरोबर जवळजवळ येतच नाही. म्हणून वाफेवर काढलेल्या तेलात झाडाचा वास असतो, नशा नसते. युरोपात हेम्पचं असं तेल अत्तरवाले वापरतात. तोटा मात्र उघड आहे. तासन्‌तास पाणी आणि उष्णता सोसल्यावर नाजूक रेणू मोडतात. काही एस्टर पाण्याने तुटतात, काही टर्पिनांची रचना बदलते. नाक सरावलेलं असेल तर शिजवल्याचा एक सूर त्यात लागतो. उतारा तर फारच कमी, ताज्या फुलांच्या वजनाच्या एक टक्काही नाही. म्हणून खऱ्या गांजा-टर्पिनांची किंमत डोळे पांढरे करते.

इतर वाटा

कार्बन डायऑक्साइडला 31 अंश तापमान आणि 74 बार दाबाच्या वर नेलं की त्याची धड वायू नाही, धड द्रव नाही अशी अवस्था होते. वायूसारखा तो सगळीकडे शिरतो, द्रवासारखा विरघळवतो. कॉफीतलं कॅफीन काढायला आणि हॉप्सचा अर्क काढायला हे तंत्र बरंच आधीपासून आहे. गांजात त्याचा फायदा असा की दाब कमी ठेवला तर आधी टर्पिनं निघतात, ती बाजूला ठेवायची, मग दाब वाढवून टीएचसी-सीबीडी काढायची. द्रावक उडून जातो, मागे काही उरत नाही. पण दाब सोडताना सगळ्यात हलकी टर्पिनं वायूबरोबर निसटतात, आणि यंत्राची किंमत छोट्या उत्पादकाच्या आवाक्याबाहेरची असते.

ब्युटेन-प्रोपेनची पद्धत लाइव्ह रेझिनवाल्यांची. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, प्रोपेन उणे 42 ला. म्हणजे काम संपल्यावर त्यांना घालवायला फारशी उष्णता द्यावी लागत नाही, आणि म्हणून हलकी टर्पिनं वाचतात. "लाइव्ह" म्हणजे फुलं न वाळवता, तोडल्या तोडल्या गोठवलेली. वर सांगितलेली तीन महिन्यांची गळती इथे मुळात टाळलेली असते. असा अर्क बरणीत काही दिवस ठेवला की टीएचसीच्या आम्लरूपाचे खडे खाली बसतात आणि पातळ भाग वर राहतो. त्या पातळ भागात टर्पिनं सगळ्यात जास्त. बाजारात त्याला "सॉस" किंवा "हाय टर्पीन एक्स्ट्रॅक्ट" म्हणतात. माझ्या मते झाडाच्या मूळ वासाच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू ही. धोका काय, तर हे वायू हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साठतात आणि एका ठिणगीला पुरतात. अमेरिकेत घरच्या घरी हा उद्योग करताना लोक भाजले आणि मेले आहेत. कारखान्यात बंद नळ्यांतून काम चालतं आणि शेवटी अर्कात द्रावक किती उरला, हे दशलक्ष भागांत किती या हिशेबाने तपासतात. तो अहवाल नसेल तर लाइव्ह रेझिन हा शब्द कागदावरच राहिला.

रोझिन म्हणजे दोन गरम पट्ट्यांत दाबून काढलेली राळ. द्रावक नाही, म्हणून लोकांना आवडते. माल चांगला तर रोझिन चांगली, यापलीकडे त्यात फारसं तंत्र नाही.

आणि डिस्टिलेट करताना निर्वातात जे सगळ्यात आधी उडून थंड सापळ्यात जमतं, तीही गांजाचीच टर्पिनं. पण करपट वासाची. काही ठिकाणी ती फेकतात, काही ठिकाणी विकतात. "कॅनाबिस-डिराइव्ह्ड टर्पीन" हे बिरूद दोघांनाही लागतं, या करपटाला आणि वरच्या सॉसलाही. तिथे लेबल खोटं बोलत नाही, अर्धं बोलतं.

बाहेरून आणलेली टर्पिनं

"बोटॅनिकल" म्हणजे दुसऱ्या वनस्पतींतून काढलेली एकेक टर्पिनं घेऊन, एखाद्या गांजाच्या वाणाच्या चाचणी अहवालाकडे बघत केलेलं मिश्रण. लिमोनीन संत्र्याच्या सालीतून येतं. रस काढणाऱ्या कारखान्यांचा तो जोडमाल, म्हणून स्वस्त. कॅरिओफायलीन बहुधा लवंगेचं, पायनीन चीडच्या टर्पेंटाइनमधून. आपल्या हिमाचल-उत्तराखंडातही चीडचा चीक गोळा करून त्यातून राळ आणि टर्पेंटाइन वेगळं करतात. रेणू तोच, लवंगेतला असो की गांजातला. कॅरिओफायलीनला आपण कुठून आलो हे ठाऊक नसतं.

मिर्सीनची गंमत वेगळी. गांजात ते पुष्कळदा सगळ्यात जास्त असतं, म्हणून प्रत्येक मिश्रणात लागतं. पण बाजारातलं बहुतेक मिर्सीन कुठल्या झाडातून सरळ काढलेलं नसतं. टर्पेंटाइनमधलं बीटा-पायनीन कडक तापवून त्याचा रेणू उलगडतात, तेव्हा मिर्सीन तयार होतं. सुरुवात झाडापासून, शेवट भट्टीत. याला वनस्पतिजन्य म्हणायचं की कृत्रिम? विकणारा अर्थातच पहिलं म्हणतो.

घरोघरी आरतीला लागणाऱ्या कापराचंही हेच आहे. कापूर हाही टर्पिनॉइड. कापराच्या झाडाचा कापूर आता क्वचित. बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनमधल्या अल्फा-पायनीनपासून कारखान्यात होतो. फरक सूक्ष्म असतो. असे रेणू डावे आणि उजवे अशा दोन जोडरूपांत असू शकतात. झाड सहसा एकच रूप किंवा एक रूप जास्त बनवतं, कारखान्यात बऱ्याचदा निम्मंनिम्मं होतं. कुठे कुठे नाकालाही हा फरक कळतो. कार्व्होनचं एक रूप पुदिन्याच्या एका जातीचा वास देतं, दुसरं शहाजिऱ्याचा. लॅव्हेंडरमधलं लिनालूल बहुतांशी एका रूपाचं, धन्यातलं दुसऱ्या रूपाचं, कारखान्यातलं दोन्हींचं मिश्रण. तपासणीच्या यंत्रात ही दोन रूपं वेगळी करणारी खास नळी (स्तंभ) लावली की हे उघड होतं. खनिज तेलापासून बनवलेलं टर्पीन पकडायचा आणखी एक मार्ग आहे: त्यात कार्बन-14 (सजीवांत असणारा, काळाबरोबर संपत जाणारा कार्बनचा प्रकार) नसतो, कारण ते तेल कोट्यवधी वर्षांचं जुनं. टर्पेंटाइनपासून केलेलं मात्र या चाचणीतून सहीसलामत सुटतं, कारण चीडचं झाड कालपरवाचं.

कृत्रिम म्हणजे घातक, नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज कायद्यालाही कसा अडचणीत आणतो ते बघा. अमेरिकेच्या औषध-अन्न प्रशासनाने ऑक्टोबर 2018 मध्ये काही कृत्रिम स्वाददायक पदार्थांची परवानगी काढून घेतली, त्यात मिर्सीन होतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत फार मोठ्या मात्रेला कर्करोग दिसला होता आणि तिथला एक जुना कायदा अशा पदार्थाला मुभाच देत नाही. माणसाच्या खाण्यात येतं तेवढ्याने धोका नाही, असं त्याच प्रशासनाने तेव्हाच सांगितलं. आणि आंब्यातलं, हॉप्समधलं नैसर्गिक मिर्सीन जसंच्या तसं चालू राहिलं. रेणू एकच.

तेव्हा बोटॅनिकल मिश्रणाला नाक मुरडायचं कारण त्याचा उगम नाही. कारण आहे त्याचा तोकडेपणा. अहवालात साधारण वीस-पंचवीस टर्पिनं मोजतात आणि मिश्रणवाला त्यातली डझनभर घालतो. गांजात सापडलेली टर्पिनं शंभराच्या पुढे आहेत. उरलेली बारीकसारीक गाळली की वास ढोबळ होतो: लिंबू कळतं, लवंग कळते, झाड कळत नाही.

वासाचे दुसरे मालक

शिवाय गांजाचा वास सगळा टर्पिनांचा नव्हेच. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं की त्याचा तो खास, नाकात घुसणारा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. त्यातलं मुख्य एक थायॉल असं आहे की उन्हात राहिलेली बिअर ज्याच्यामुळे नासल्यासारखी वास मारते, ते हेच. प्रमाण अगदी नगण्य, पण नाक त्याला फार हळवं. टर्पिनांच्या नेहमीच्या चाचणीत ही संयुगं दिसतही नाहीत. त्यामुळे अहवाल बघून केलेलं मिश्रण कितीही अचूक असलं तरी मूळ वाणासारखा वास देत नाही. लाइव्ह रेझिनमध्ये यातलं थोडंफार टिकतं. वाफेच्या तेलात फार कमी.

आणि त्याने होतं काय?

इथे जाहिराती बेफाम सुटतात. लिमोनीन म्हणजे उत्साह, मिर्सीन म्हणजे गुंगी, लिनालूल म्हणजे शांतता, असे तक्ते सगळीकडे फिरतात. मिर्सीन अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की माणूस सोफ्यावरून उठत नाही, असा एक आकडा तर नियम असल्यासारखा सांगतात. त्याच्यामागे भक्कम पुरावा नाही. आंबा खाल्ला की नशा वाढते, हेही त्यातलंच. आपल्या हापूसच्या वासात तर ओसिमीन नावाचं टर्पीन पुढे असतं, मिर्सीन नाही.

टर्पिनं आणि टीएचसी मिळून वेगळा परिणाम करतात, या कल्पनेला "आंतूराज इफेक्ट" म्हणतात. तो शब्द 1998 मध्ये शरीरातल्याच काही रेणूंविषयी वापरला गेला, पुढे 2011 मधल्या एका गाजलेल्या लेखाने तो गांजातल्या टर्पिनांना जोडला. तेव्हापासून पुरावा दोन्ही बाजूंनी येतोय. पेशींवरच्या काही प्रयोगांत टीएचसी पेशीवर ज्या जागी चिकटतं त्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) नेहमीची टर्पिनं काहीच करत नाहीत असं दिसलं. कॅरिओफायलीन अपवाद: ते सीबी-2 नावाच्या ग्राहकाला स्वतः जाऊन चिकटतं, हे 2008 मध्ये दाखवलं गेलं. तो ग्राहक नशेचा नाही, प्रतिकारयंत्रणेशी संबंधित आहे, म्हणून मिरी खाऊन कुणाला झिंग येत नाही. माणसांवरचा एक नेटका प्रयोग 2024 मध्ये आला. वीस जणांना टीएचसीबरोबर लिमोनीन हुंगवलं, तर टीएचसीमुळे होणारी घबराट कमी झाली, आणि लिमोनीनची मात्रा वाढवली तसा परिणामही वाढला. माणसं वीसच. तरी फिरत्या तक्त्यांपेक्षा मी याला जास्त किंमत देतो.

गांजाच्या वाणांना लावतात त्या इंडिका-सटायव्हा या नावांबद्दलही 2021 मध्येच एक मोठा अभ्यास आला. नावांचा झाडाच्या वंशाशी फारसा मेळ बसत नव्हता. बसत होता तो मोजक्या टर्पिनांशी. लोक नाकाने वास घेऊन नावं ठेवत आले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

हवा आणि उष्णता

टर्पिनांची बाटली उघडी राहिली की आतला माल बदलतो. लिमोनीन आणि लिनालूल हवेतला ऑक्सिजन घेऊन हायड्रोपेरॉक्साइड बनवतात आणि त्यांनी त्वचेला ॲलर्जी होते. परदेशी शाम्पूच्या मागच्या बारीक अक्षरांत ही दोन नावं वेगळी छापलेली असतात, ती युरोपच्या नियमामुळे. म्हणून अर्काच्या लेबलवर मी टक्केवारीच्या आधी तारीख बघतो. सहा महिने उन्हात, काचेच्या बाटलीत ठेवलेला अस्सल गांजाचा अर्क, आणि गडद बाटलीत, थंडीत, तोंडापर्यंत भरून ठेवलेलं ताजं बोटॅनिकल मिश्रण, यात मी दुसरं निवडेन. हवा वाईट हे सांगलीजवळच्या हरिपूरच्या लोकांना आधीपासून कळलेलं होतं. तिथली हळदीची पेवं जमिनीखाली हवाबंद असत आणि त्यात माल वर्षानुवर्षं टिके. 2005 च्या महापुराने त्यातली बरीच निकामी केली.

उष्णतेचं प्रकरण अधिक गंभीर. 2017 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की तापलेल्या पृष्ठभागावर टर्पिनं जाळली की मेथाक्रोलीन आणि बेन्झीन तयार होतात, आणि तापमान वाढलं की बेन्झीनही वाढतं. झाडाचं टर्पीन असो की कारखान्याचं, आगीला फरक पडत नाही. इंटरनेटवरच्या उत्कलनबिंदूंच्या याद्यांवर विसंबून व्हेप-पेनचं (अर्क तापवून त्याची वाफ ओढायच्या उपकरणाचं) तापमान ठरवणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यात कॅरिओफायलीन 119 अंश, ह्युम्युलीन 106 अंश असं दिसतं. हे आकडे निर्वातात, कमी दाबाखाली मोजलेले आहेत. साध्या हवेत कॅरिओफायलीन 260 च्या आसपास उकळतं. कुणीतरी एकदा उतरवलं, बाकीच्यांनी नक्कल केली.

खाण्यात चालतं ते फुप्फुसात चालेलच असं नाही, याचा धडा 2019 मध्ये मिळाला. अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांना अचानक फुप्फुसाचा आजार होऊ लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत रुग्णालयात गेलेल्या किंवा दगावलेल्यांची नोंद 2,807 झाली होती, त्यातले 68 दगावलेले. मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर गेला. काळ्या बाजारातले लोक महागडा टीएचसी अर्क वाढवायला ते घालत होते, कारण त्याने अर्क पातळ न होता घट्टच दिसायचा. गोळीतून पोटात गेलं तर तेच द्रव्य निरुपद्रवी. लिमोनीनला खाद्यपदार्थात मान्यता आहे म्हणून व्हेपमध्ये 10 टक्के घाला, या युक्तिवादात हीच फट आहे.

आपल्याकडे

भारतात 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ, मग ती कुठल्याही रूपात असो. बिया आणि पानं, शेंड्यांसोबत नसतील तर, या व्याख्येबाहेर आहेत. पण भांगेवर राज्यांचे नियम आहेत आणि महाराष्ट्रात तिला परवाना लागतो. टर्पिनं ज्या ग्रंथींत असतात त्या मुख्यतः शेंड्यांवर. म्हणजे गांजाची टर्पिनं काढायला लागणारा मालच इथे गुन्ह्यात मोडतो. व्हेपवर तर वेगळा घाला आहे: 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात निकोटिन असो वा नसो, उपकरण विकणं-आयात करणं बंद. लवंगेचं कॅरिओफायलीन किंवा संत्र्याचं लिमोनीन मात्र कुणीही विकत घ्यावं.

भांगेच्या पानांपासून आयुषच्या परवान्याखाली केलेली "विजया" तेलं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यात थोडी टर्पिनं असू शकतात, पण किती आणि कुठली, हे बाटलीवर सहसा लिहिलेलं नसतं. विचारलं तर चांगला उत्पादक बॅचचा अहवाल देतो.

राहिलं हेम्पच्या बियांचं तेल. नोव्हेंबर 2021 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बिया, त्यांचं पीठ आणि तेल यांना खाद्य म्हणून परवानगी दिली आहे. सांगलीतही ऑनलाइन मागवलं की चार दिवसांत दारात येतं. बीला राळेच्या ग्रंथी नसतात. घाण्यावर काढलेल्या या तेलात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही आम्लं भरपूर, रंग हिरवट, चव दाण्यासारखी. शेंड्याची राळ बीला चिकटून आली तर नावापुरती टर्पिनं, एरवी नाहीतच. अशा बाटलीवर "टर्पीनयुक्त" छापलं असेल, तर ती टर्पिनं बाहेरून घातलेली आहेत. कुठली घातली, ते विकणाऱ्याला विचारायचं.